हात वर करण्याआधी

चर्चमधली रविवारची उपासना संपते, आशीर्वाद होतो आणि सेक्रेटरी उभे राहून सांगतात, "मंडळीनं पाच मिनिटं थांबावं, एक निर्णय घ्यायचा आहे." तोवर अर्धी माणसं चपला शोधायला लागलेली असतात. काहींना गावाकडची गाडी गाठायची असते, लेकरं भुकेजलेली असतात. "सर्वांना मान्य आहे ना?" म्हटल्यावर पुढच्या दोन बाकांवरचे हात वर होतात आणि मिनिट-बुकात 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं जातं. दोन महिन्यांनी वस्तीवर कुरबुर सुरू होते, "आम्हाला कुणी विचारलं?" ही कुरबुर खरी असते. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

मराठवाड्यातल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांच्या समुदायांमध्ये, हे इतकं का घडतं, याचं एक कारण मला जुनं वाटतं. एकोणिसाव्या शतकातले ख्रिस्ती मिशनरी नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हापासून कितीतरी गावांत मिशननंच जमीन, शाळा, दवाखाना आणि चर्च यांची काळजी वाहिली. काळजी वाहणाऱ्यानंच ठरवायचं, हीही सवय त्यासोबत लागली. मिशन गेलं, पण ती सवय पाळकांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) आणि कमिटीकडे आली. तिच्यात वाईट हेतू नाही. फक्त ती मोडायला नुसती सदिच्छा पुरत नाही, बैठकीची रीतच बदलावी लागते.

ही रीत आपल्याच शास्त्रात आहे. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय 6 पाहा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातं अशी तक्रार आली. बारा प्रेषितांनी परस्पर उत्तर दिलं नाही. सगळ्या शिष्यांना बोलावून 'तुमच्यातून सात जण निवडा' म्हणाले. निवडलेल्या साताही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, कारभार बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती गेला. आणि अध्याय 15 तर बैठक चालवणाऱ्यानं समोरच ठेवावा. यरुशलेमेत आधी पुष्कळ वादविवाद होऊ दिला. मग पेत्र बोलला, सगळा समुदाय गप्प राहिला आणि बर्णबा व पौल यांचं ऐकलं. तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब सगळ्यात शेवटी बोलला. ठरलं ते पत्रात लिहिलं, आणि पत्रासोबत यहूदा बर्सबा व सीला यांना पाठवलं, म्हणजे वाचून दाखवायला आणि समजावून सांगायला माणूस होता. ज्याच्या शब्दाला वजन आहे त्यानं शेवटी बोलावं, ही एकच गोष्ट पाळकांनी पाळली तरी बैठक बदलते. पाळक आधी बोलले की पुढचा प्रत्येक जण एक तर त्यांना दुजोरा देतो, नाही तर गप्प बसतो.

पहिलं काम प्रश्न नीट मांडण्याचं. समजा आवारात बोअर घ्यायचा विषय आहे. 'बोअर घ्यायचा का नाही?' असं विचारलं की पहिल्या मिनिटातच दोन तट पडतात. 'आवारातल्या पाण्याची सोय कशी करायची आणि ते पाणी कुणाकुणाला द्यायचं?' असं विचारलं तर टाकी, टँकर, जुन्या विहिरीतला गाळ काढणं, शेजारच्या वस्तीचा हक्क, सगळं पुढे येतं. खर्चाचा कागदही आधी हवा: फुटामागचा दर, केसिंग, मोटार, वीजजोडणी, सगळं वेगवेगळं लिहून. 'अंदाजे इतके लागतील' या एका आकड्यावर चर्चा केली की नंतर हिशेबावरून मनं तुटतात. विषयाची सूचना किमान दोन रविवार आधी मोठ्यानं वाचा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली म्हणजे पोचली असं नाही. म्हाताऱ्या माणसांकडे आणि बऱ्याच बायकांकडे तो फोनच नसतो. त्यांच्यासाठी महिला मंडळातून सांगावा धाडायला हवा.

प्रत्यक्ष ऐकण्यासाठी मला सगळ्यात उपयोगी वाटते ती कॅथलिक सिनडमध्ये, म्हणजे चर्चच्या विचारविनिमयाच्या धर्मसभेत, वापरलेली तीन फेऱ्यांची पद्धत. पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये सुरू केलेल्या या प्रक्रियेत रोमच्या 2023 आणि 2024 च्या बैठका गोल टेबलांभोवती झाल्या. बिशप, धर्मभगिनी आणि प्रापंचिक माणसं एकाच टेबलाला बसली, आणि स्त्रियांनाही मताचा हक्क होता. प्रॉटेस्टंट मंडळीनं ही पद्धत घ्यायला काही हरकत नाही. सतरंजीवर गोल बसलं तरी चालतं.

एका गोलात सहा ते आठ जण. एक चालक, एक लिहिणारा, आणि हे दोघंही शक्यतो कमिटीबाहेरचे. एका घरातली माणसं एका गोलात नकोत. सासऱ्यासमोर सून आपलं मत मांडणार नाही, आणि मांडलं तर घरी गेल्यावर ऐकून घ्यावं लागेल. तरुणांचा गोल वेगळा केला तरी चालेल. सुरुवातीला बायबलमधलं वचन आणि दोन मिनिटं शांतता. पहिल्या फेरीत प्रत्येकानं दोन-तीन मिनिटं बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. पुन्हा शांतता. दुसऱ्या फेरीत आपलं मत पुन्हा सांगायचं नाही, दुसऱ्याच्या बोलण्यातलं मनाला काय लागलं ते सांगायचं. परत शांतता, आणि तिसऱ्या फेरीत मोकळी चर्चा: कुठं जुळतं, कुठं जुळत नाही, कोणता प्रश्न राहिला. आठ जणांची पहिली फेरीच वीस-पंचवीस मिनिटं घेते, म्हणून सगळ्याला दीड तास धरा आणि जेवण आधी उरका.

बिघडते ती बहुधा दुसरी फेरी. माणसं आपलंच म्हणणं आणखी जोरात सांगतात. तिथं चालकानं हळूच विचारावं, "हे कुणाचं ऐकून सुचलं?" शांततेतही माणसं अवघडतात, कुणीतरी गीत सुरू करतं. ती कशासाठी आहे हे आधी सांगून ठेवलं की निभते. आणि एक नाजूक गोष्ट. "मला प्रार्थनेत देवानं दाखवलं" असं कुणी म्हटलं की बोलणं तिथंच थांबतं. अशा साक्षीचा मान ठेवावा, ती लिहूनही घ्यावी, पण पौलानं करिंथच्या मंडळीला सांगितलंय की दोघातिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी तो पारखावा. पारखणं म्हणजे अविश्वास नव्हे.

बैठकीच्या सुरुवातीलाच हेही स्पष्ट सांगा की तुम्ही सल्ला मागताय का निर्णय. कॅथलिक धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत) पास्टोरल कौन्सिल या सल्लागार मंडळाचं मत सल्ल्यापुरतं असतं. 1970 साली नागपुरात स्थापन झालेल्या सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थानिक कारभार पाहणारी पास्टरेट कमिटी निवडून येते. मेथॉडिस्टांचे नियम वेगळे. सल्ला घेऊन निर्णय स्वतः करणं गैर नाही, पण माणसांना आपण ठरवतोय असं वाटू देऊन भलतंच केलं, तर पुढच्या वेळी कुणी मनातलं बोलत नाही.

सगळ्यांचं एकमत होईलच असं नाही. शेवटी प्रत्येकाला तीनपैकी एक उत्तर देऊ द्या: पटतं, पूर्ण पटत नाही पण आड येणार नाही, विरोध आहे आणि कारण हे. कारणासह विरोध असेल तर विषय महिनाभर पुढे ढकला. उन्हाळ्यात पाणी थांबत नाही, तेव्हा तात्पुरता टँकर सुरू करून पक्का निर्णय नंतर करता येतो. चर्चच्या घटनेनुसार मतदान घ्यावंच लागत असेल तर चिठ्ठ्यांनी घ्या. हात वर करायला लावले की भावकी भावकीकडे बघून हात वर करते.

एखाद्यावर केलेला आरोप मात्र अशा गोलात कधीच आणू नका. लेकराशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचा संशय असेल तर तिथं मंडळीनं ठरवण्यासारखं काही नसतं. 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं.

आणि ऊसतोड. बीडकडच्या मंडळ्यांतली कितीतरी घरं दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांकडे जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. कब्रस्थानाची जागा, इमारत, मोठा पैसा असे विषय त्या महिन्यांत घेऊ नयेत. टळत नसेल तर टोळी निघण्याआधी त्यांचा गोल बसवून मत लिहून घ्यावं आणि बैठकीत सगळ्यांत आधी तेच वाचावं. मिनिट-बुकात निर्णय, त्याची कारणं, विरोधाची कारणं, जबाबदारी कुणाची, किती रकमेपर्यंत आणि कधीपर्यंत, एवढं हवंच. ते पुढच्या रविवारी वाचून दाखवा, आणि टोळ्या परतल्यावर पुन्हा एकदा वाचा.