गाम्बियाचा काय संबंध?

१० डिसेंबर २०१९ ला मी हेगच्या पीस पॅलेसमध्ये टिपणं काढत होतो. एका छोट्या कायदेविषयक संस्थेत तेच माझं काम. आंतरराष्ट्रीय न्यायालयात दिवसभर बसायचं आणि संध्याकाळी गोषवारा द्यायचा. सागरी सीमांचे वाद चालतात तेव्हा डुलकी आवरता आवरत नाही. त्या दिवशी मात्र म्यानमारची बाजू मांडायला त्या देशाच्या नेत्या आंग सान सू ची खुद्द आल्या होत्या, केसांत फुलं माळून. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर.

मी बघत होतो ते गाम्बियाच्या ॲटर्नी जनरलकडे. अबूबकर तांबादू. देश केवढा, तर पश्चिम आफ्रिकेतली, नदीच्या दोन्ही काठांवरची चिंचोळी पट्टी. आणि हा सरकारी वकील म्यानमारमधल्या रोहिंग्या मुसलमानांच्या वंशसंहाराचा आरोप घेऊन उभा! बोलणं अगदी साधं होतं. म्यानमारला ही कत्तल थांबवायला सांगा, एवढंच मागणं.

या माणसाने रवांडाच्या हत्याकांडाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणात अनेक वर्षं काढली होती. २०१८ मध्ये इस्लामी देशांच्या बैठकीसाठी बांगलादेशला जायचं होतं गाम्बियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी. ऐनवेळी त्यांचं रद्द झालं आणि तांबादू गेले. तिथल्या कॉक्स बाजारच्या छावणीत रोहिंग्या निर्वासितांनी जे सांगितलं ते त्यांना रवांडाच्या साक्षींमधून आधीच ओळखीचं होतं.

दुसऱ्या दिवशी म्यानमारच्या वकिलांनी नेमकं बोट ठेवलं: झळ बसली असेल तर बांगलादेशला, गाम्बियाचा काय संबंध? प्रश्न चोख होता, हे मानायलाच हवं. ऑफिसात आमच्या साहेबांनीही तोच विचारला. मी १९४८ चा वंशसंहार करार उघडला. कलम ९ प्रमाणे करारातला वाद या न्यायालयात नेता येतो. पण बांगलादेशने त्याच कलमावर अट घालून ठेवलेली, सर्व पक्षांची संमती असेल तरच. म्यानमारने कलम ९ वर अशी अट घातलीच नव्हती, गाम्बियानेही नाही. म्हणजे शेजाऱ्याची वाट अडलेली आणि परक्याला दार उघडं. माझ्या गोषवाऱ्यात हा परिच्छेद सगळ्यात लांब झाला. साहेबांनी तो कापला नाही, ही नवलाई.

२३ जानेवारी २०२० ला सतराही न्यायाधीशांनी एकमताने म्यानमारला अंतरिम आदेश दिले. त्यांत दलवीर भंडारीही होते, एके काळचे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. करारातल्या कुठल्याही देशाला दाद मागता येते, हे न्यायालयाने तेव्हा प्रथमदर्शनी मानलं आणि जुलै २०२२ मध्ये १५ विरुद्ध १ मतांनी पक्कं केलं.

तोवर तांबादू पदावरून गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या दाऊदा जॅलो यांनी खटला पुढे चालवला. समोर आता लष्करी राजवटीची माणसं होती आणि सू ची त्याच लष्कराच्या कैदेत.