जर्मनांची 'की' आणि आपली 'की'

गेल्या वर्षी इथे जर्मनीत आमच्या ऑफिसात हिशेबाच्या एका जागेसाठी अर्ज आले होते. माझी सहकारी ते चाळत होती आणि मी शेजारी बसून कागद लावून देत होते. एका अर्जाशी ती थांबली, पेन्सिलीनं एका शब्दाभोवती गोल केला आणि अर्ज नको असलेल्या गठ्ठ्यात ठेवून दिला. काय झालं म्हणून विचारलं तर तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं. शब्द होता 'दास'.

जर्मनमध्ये 'दास' दोन आहेत. शेवटी एकच 'एस' असलेला 'दास' म्हणजे 'ते' किंवा 'जे'. दोन 'एस'चा 'दास' म्हणजे आपला 'की', 'मला वाटतं की' यातला. उच्चार तंतोतंत सारखा, त्यामुळे कानाला फरक कळतच नाही. वाक्याची घडण ओळखता आली तरच कोणता लिहायचा ते ठरतं. अर्जदारानं दोनच्या जागी एक 'एस' लिहिला होता. आठ वर्षांचा अनुभव, चांगली शिफारसपत्रं, सगळं त्या एका अक्षराखाली गेलं. "ज्याला हे जमत नाही तो आकडे काय सांभाळणार?" सहकारी म्हणाली. ती मनानं वाईट बाई नाही. इथे नोकरीच्या अर्जात चूक म्हणजे मळका शर्ट घालून मुलाखतीला जाणं, असंच बहुतेकांना वाटतं.

मला मात्र आपली 'की' आठवली. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज ऱ्हस्व वेलांटी घेऊन येणारी 'कि'. आपल्याकडे 'आणि', 'नि' असे मोजके शब्द सोडले तर शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ. पण हिंदीत 'कि' ऱ्हस्व आहे आणि डोळ्यांना ती सवयीची झाली आहे, म्हणून हात तसाच वळतो. इतक्या लांबच्या दोन भाषा, आणि माणसं अडखळतात ती एकाच शब्दापाशी.

जर्मन लोकांना आपल्या भाषेची काळजी वाटते ती उगाच नाही. २०२१ मध्ये देशभरातल्या चौथीच्या मुलांची चाचणी झाली, तेव्हा शुद्धलेखनात जवळपास ३० टक्के मुलं किमान पातळीपर्यंतही पोचली नव्हती. त्याच्या पाच वर्षं आधी हे प्रमाण याहून कमी होतं. कोरोनात शाळा बंद होत्या हे एक कारण आहेच, पण सगळा दोष त्याला देऊन चालणार नाही, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

आम्ही कोलोनला राहतो. मुलगा २०१४ मध्ये पहिलीत गेला. पहिल्याच आठवड्यात त्याला चित्रांचा एक तक्ता मिळाला. प्रत्येक अक्षराशेजारी त्या ध्वनीनं सुरू होणाऱ्या वस्तूचं चित्र. मुलानं शब्द कानानं ऐकायचा, तक्त्यात ध्वनी शोधायचे आणि ऐकू येईल तसं लिहून काढायचं. युर्गन रायशेन नावाच्या स्विस शिक्षणतज्ज्ञाची ही पद्धत अनेक शाळांत होती. पालकसभेत आम्हाला बजावलं गेलं, की घरी चुका दुरुस्त करू नका, मुलांचा लिहिण्याचा उत्साह जातो. मुलानं 'फाटर', म्हणजे वडील, हा शब्द 'एफ'नं लिहिला आणि शेवटचा 'र' गाळून टाकला, कारण इथे तो ऐकूच येत नाही. खरा शब्द 'व्ही'नं सुरू होतो. आम्ही दोघं गप्प बसलो. तिसरीत गेल्यावर अचानक लाल शाई सुरू झाली. दोन वर्षं जे कौतुकाचं होतं ते चुकीचं ठरलं आणि पोरगं रडकुंडीला आलं.

त्याच्या वर्गातल्या ज्या मुलांच्या घरी भिंतभर जर्मन पुस्तकं होती, आजी रात्री गोष्टी वाचून दाखवत होती, ती मुलं सावरली. शब्द त्यांच्या डोळ्यांत आधीच बसले होते. आमच्यासारख्यांची, सीरियातून आलेल्यांची, तुर्की घरांतली मुलं मागे राहिली. २०१८ मध्ये शेजारच्या बॉन विद्यापीठानं सुमारे ३००० मुलांचा अभ्यास मांडला. बालपुस्तकातून पायरीपायरीनं शिकलेल्या मुलांच्या तुलनेत कानानं लिहायला शिकलेल्या मुलांच्या चुका चौथीच्या शेवटी ५५ टक्क्यांनी जास्त निघाल्या. पुढे काही राज्यांनी ती पद्धत बंदच केली. शुद्धलेखनाचा आग्रह सोडला की गरिबाच्या मुलाला मोकळीक मिळते असं म्हणणाऱ्यांशी मी तेव्हापासून वाद घालते. त्याला मोकळीक मिळत नाही. त्याला फक्त शिकवलं जात नाही, आणि वीस वर्षांनी त्याचाच अर्ज नको असलेल्या गठ्ठ्यात जातो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बाई राहतात. ऐंशीच्या पुढच्या. नाताळात त्या हातानं लिहिलेलं कार्ड देतात आणि त्यात दोन 'एस'चा 'दास' कधीच नसतो. तिथे 'बी'सारखं दिसणारं एक अक्षर असतं, त्याला एस्झेट म्हणतात. मुलगा एकदा म्हणाला, यांना लिहिता येत नाही का गं? येतं की. त्या शिकल्या तेव्हा तेच बरोबर होतं. १९९६ च्या सुधारणेनं ते अक्षर त्या शब्दातून गेलं. त्या सुधारणेवरून इथे जे रान पेटलं त्याची आपल्याला कल्पना येणार नाही. प्रकरण सर्वोच्च घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं. श्लेसविग-होल्श्टाइन राज्यात १९९८ मध्ये लोकांनी चक्क सार्वमत घेऊन नवे नियम फेटाळले, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळानं तो कौल रद्द केला. 'फ्रांकफुर्टर आल्गेमाइने' हे वजनदार दैनिक २००० मध्ये जुन्या लेखनाकडे परतलं आणि २००७ मध्ये पुन्हा नव्याकडे आलं. त्याआधी १९०१ मध्येही अशीच उलथापालथ झाली होती. तेव्हा 'दरी' या अर्थाच्या 'टाल' शब्दातला 'एच' गेला. आमच्या जवळच ड्युसेलडॉर्फकडे निआंडरटालची दरी आहे. तिथे सापडलेल्या आदिमानवाचं दरीवरून पडलेलं शास्त्रीय नाव आधीच ठरलं होतं, म्हणून त्यात तो 'एच' अजून आहे. दरीच्या आजच्या नावात नाही.

माझ्या आजीची पोस्टकार्डं मी इथे घेऊन आले आहे. 'कांहीं', 'नांव', 'घरांत', 'आईनें', सगळ्या डोक्यांवर अनुस्वार. १९६२ च्या नियमांनी ते उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. आज एखाद्या मुलानं आजीसारखं लिहिलं तर पानभर लाल होईल. आजीनं मात्र ते फार काळजीनं लिहिलं होतं. एक टिंब तिनं चुकवलेलं नाही.

नियम बदलतात याचं मला दुःख नाही. मला बोचतं ते चुकणाऱ्याला दिलं जाणारं नाव. इथे दुकानांच्या पाट्यांवर इंग्रजीच्या वळणानं मालकाच्या नावापुढे वर एक स्वल्पविराम देतात, 'एवाचं फुलांचं दुकान' यातल्या 'चं'साठी. जर्मनमध्ये त्याची गरज नसते. त्या चिन्हाला सुशिक्षित लोक सर्रास 'मूर्खांचा अपोस्ट्रोफ' म्हणतात. पहाटे चारला उठून मंडईतून फुलं आणणारी बाई मूर्ख. २०२४ च्या नव्या नियमावलीत दुकानाच्या नावात असा अपोस्ट्रोफ चालेल, असं आता स्पष्टच लिहिलं आहे. तरीही तो शब्द काही गेला नाही.

मुलाच्या वर्गाच्या पालकांच्या गटावर एका तुर्की आईनं शाळेच्या जत्रेसाठी केक आणण्याबद्दल लिहिलं होतं. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं. केक पुल्लिंगी, तिनं नपुंसकलिंगी लिहिला. दोन मिनिटांत दुसऱ्या एका पालकानं तोच मजकूर सुधारून पुन्हा टाकला, खाली 'सगळ्यांना नीट कळावं म्हणून'. केक आणायचा आहे हे सगळ्यांना आधीच कळलं होतं. त्यानंतर तिनं गटावर काही लिहिल्याचं मला आठवत नाही. केक मात्र तिनंच दोन आणले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मला सांगलीची शाळा आठवत होती. पाचवीत आमच्या वर्गात वाडीवरून चालत येणारी एक मुलगी होती. तिनं फळ्यावर 'पानी' लिहिलं. बाईंनी विचारलं, "हे कुठलं अशुद्ध?" आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले. तिच्या घरात, तिच्या आईच्या तोंडी तो शब्द तसाच होता. पुढे ती फळ्यापाशी कधी आली नाही. सातवीनंतर शाळेतही आली नाही. कारणं इतरही असतील, पण त्या हसण्यातला माझा वाटा मी कुणावर ढकलू शकत नाही.

आपण 'शुद्ध' हा शब्द इतक्या सहज वापरतो. जर्मन शब्द आहे 'रेश्टश्रायबुंग', म्हणजे बरोबर लिहिणं. बरोबरच्या उलट चूक, आणि चूक सुधारता येते. शुद्धच्या उलट अशुद्ध, आणि हा शब्द आपल्याकडे पाण्याला, स्पर्शाला, माणसांना लावला गेलेला आहे. 'प्रमाणलेखन' म्हणावं असं सांगणारे अनेक जण आहेत. पूर्वी मला तो नुसता शब्दांचा कीस वाटायचा. आता मुलाला मराठी शिकवताना मी 'प्रमाणलेखन' असंच म्हणते.

माझे वडील, मुलाचे आबा, तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. चहाच्या पुडीच्या कागदावरची चूकही त्यांना दिसते. गेल्या महिन्यात मुलानं त्यांना स्वतःहून मराठीत पहिला निरोप पाठवला. मला दाखवला नाही, थेट पाठवूनच दिला:

"आबा, मला महित आहे कि तूम्हाला ईथली थंडि अवडत नाही. पण तूम्ही या."

मला धडकीच भरली. तासाभरानं आबांचं उत्तर आलं:

"बाळा, इथली थंडी मला आवडत नाही हे तुला माहीत आहे, तरी तू 'तुम्ही या' म्हणालास. मला वाटतं की मी यावं. स्वेटर कोणता आणू?"

मुलगा ते बराच वेळ बघत बसला. मग त्यानं लिहिलं, "आबा, जाड आणा. माहीत आहे ना, इथे फार थंडी आहे."