स्टेजिंग यार्डात रूळ टाकले – माझा अनुभव

शाळेत असताना बाबांनी कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम दाखवलं होतं, तेव्हापासून घरी लेआउट, म्हणजे छोट्या रेल्वेची मांडणी, करायचा हे डोक्यात पक्कं होतं. गेल्या वर्षी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत सुरुवात केली. स्केल एचओ म्हणजे 1:87, दोन रुळांतलं अंतर 16.5 मिमी. आणि सगळ्यात आधी हातात घेतलं स्टेजिंग यार्ड. नाटकात एंट्रीच्या आधी नट विंगेत उभे असतात ना, तशा इथं गाड्या उभ्या राहतात, स्टेशन वरच्या प्लायवर आणि हे त्याच्या खाली. वरचा प्लाय एकदा बसला की हात घालायला आठ इंच जागा उरणार, त्यामुळं दिसत नाही म्हणून कसंतरी उरकायचं असं इथं चालतच नाही, उलट हेच काम जास्त चोख लागतं.

दोन आठ फुटी प्लाय जोडून पाच लाइनी आखल्या. दोन लाइनींमध्ये साधारण 50 मिमी ठेवतात, मी 60 ठेवले, कारण मधल्या लाइनीवर डबा पडला तर बोटं आत जाऊन तो उचलता आला पाहिजे. त्यानं पॉइंटांची, म्हणजे गाडी एका लाइनीवरून दुसरीवर वळवणाऱ्या सांध्यांची, रांग लांबली, चार पॉइंटांनी सव्वा मीटरच्या आसपास जागा खाल्ली आणि शेवटची लाइन आखूड झाली. आयसीएफचा, म्हणजे आपल्या गाड्यांचा नेहमीचा जुन्या पद्धतीचा, डबा या स्केलला साडेचोवीस सेंमी येतो, दहा डबे आणि इंजिन म्हणजे पावणेतीन मीटर. पहिल्या तीन लाइनींत एवढी गाडी आरामात बसते, मला तेवढं पुरे.

फ्लेक्स ट्रॅकचा, म्हणजे हातानं वाकवता येणाऱ्या रुळाचा, तुकडा 914 मिमीचा असतो. वळणावर जोड आला की तिथं रूळ कोपरा धरतो, म्हणून दोन तुकडे आधी सरळ ठेवून सोल्डर केले, मग वाकवले, आतला रूळ पुढं सरकतो तो कापून कानशीनं घासला. प्रत्येक जोडावरून नख फिरवायचं, नख अडलं तर चाकही अडणार.

इथपर्यंत झकास चाललं होतं. पण सोल्डर छान बसतंय म्हणून मी सरळ लाइनींचेही सगळे जोड सोल्डर करून टाकले, तेही जानेवारीतल्या गार सकाळी. एप्रिलमध्ये भर दुपारी वर गेलो तर दोन नंबरची लाइन मध्येच खिळे उपटून बोटभर बाजूला आलेली! खूप वाईट वाटलं. बाबांना हाक मारली. ते रेल्वेत पी-वेला, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या खात्यात, मेट म्हणजे गँगचे मुकादम होते. खाली गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटून मान पार रुळाच्या पातळीला नेली आणि म्हणाले, "गॅप कुठंयत रे? उन्हाळ्यात बकल होणारच."

साडेतीन मीटर रूळ वीस डिग्रीनं तापला तर जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, पण दोन्ही टोकं पक्की असली की तेवढी वाढ बाजूला फुगते आणि ती बोटभर दिसते.

मग सरळ लाइनींचे जोड एकेक करून सोडवले, प्रत्येक जोडात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवली, जॉइनर, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, नुसते सरकवले. पण नुसत्या जॉइनरवर करंटचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक तुकड्याला करंट देणाऱ्या दोन फीडर वायरी लावल्या, म्हणजे जवळपास चाळीस वायरी, खाली घरच्या वायरिंगची दीडची (दीड चौरस मिमी) वायर मुख्य वायर म्हणून टाकली आणि सगळ्या तिला जोडल्या. हे काम तीन रविवार चाललं, बाबा दर वेळी एकेक लाइन डोळा लावून बघायचे आणि "इथं केसभर डावीकडं घे" असं सांगायचे, आणि ते सांगतील तिथं खरंच वाक असायचा.

मे महिन्यात दहा डब्यांची गाडी पाचही लाइनींवरून मागं ढकलत नेली, आखूड लाइनीवर डबे कमी करून. एकही डबा उतरला नाही. तरी वरचा प्लाय मी अजून बसवलेला नाही. पावसाळ्यात प्लाय दमट होऊन काय करतो ते बाबांना बघायचंय, आणि मलाही.