वहिनी, माल वर चढवू का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, एकदाच लिहून टाकते म्हणजे पावसाळ्यातले माझे निम्मे फोन तरी वाचतील. गोव्यात साखळी गावच्या बाजारात आमचं किराणा दुकान, वाळवंटी नदी हाकेच्या अंतरावर, आणि आषाढ लागला की शेजारचे दुकानदार, भाचरं, पार पुण्याची नणंदसुद्धा तेच विचारते, 'वहिनी, आज पाणी येणार का? माल वर चढवायचा का? तुम्हाला आधी कसं कळतं?'

तर पहिली गोष्ट, मला दरवेळी कळतं असं नाही हां. एके वर्षी सपशेल चुकले. सकाळभर धो धो पडून दुपारी चक्क ऊन पडलं, मी म्हटलं सुटलो, फळीवरची पोती परत खाली घेतली आणि जेवायला बसले. दोन तासांत दुकानात गुडघाभर पाणी. तांदळाचं पोतं फुगून शिवणीत उसवलं आणि साखरेचं पोतं उचलायला गेले तर हातात नुसतं ओलं बारदान आलं, आत काही नाहीच, साखर कधीच नदीला मिळाली होती. तांदळाला तिसऱ्या दिवशी जो वास सुटला तो अजून नाकात आहे.

तेव्हा कळलं की आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून काही उपयोग नाही, पाणी येतं ते वरून, चोर्ला घाटातून. म्हणून मी आधी घाटाखालच्या केरी गावात मावसभावाला फोन लावते. 'पाऊस किती' असं विचारत नाही, कारण पाऊस सगळ्यांनाच खूप वाटतो, 'पाण्याचा रंग काय आणि फांद्या येतायत का' एवढंच विचारते. लाल गढूळ पाणी आणि त्यात ओल्या फांद्या म्हणजे वर जोरात चाललंय. अंजुणे धरणाचं पाणी सोडणार असतील तर तेही त्यालाच आधी कळतं.

मग तिथी. हे सासऱ्यांनी शिकवलेलं. तिथीची पाऊणपट करायची, साधारण भरतीची वेळ निघते, पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. मिनिटाला बरोबर येत नाही, आणि समुद्रातली भरती आमची नदी मिळते त्या मांडवीतून आमच्यापर्यंत चढायला वर वेळ लागतोच, पण अंदाज येतो. भरती चढत असताना घाटातलं पाणी आलं की त्याला जायला वाटच राहत नाही, तुंबतं. 23 जुलै 2021 आठवा, सत्तरी तालुक्यात म्हादईकाठची (मांडवीलाच वर म्हादई म्हणतात) मातीची घरं पडली, 1982 नंतरचा सगळ्यात मोठा पूर म्हणाले, तो दिवस गुरुपौर्णिमेच्या आदला होता. घाटात तुफान पाऊस आणि खाली उधाण, दोन्ही एकदम.

तिसरं म्हणजे बाजारातल्या नाल्याचं गेट. नदी चढली की ते बंद करतात, खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतातल्या, मानशीचंच (बांधातल्या दाराचंच) तत्त्व, बाहेरचं पाणी आत येऊ द्यायचं नाही. पण मग गावात पडलेला पाऊस बाहेर जाणार कुठून, म्हणून पंप. गेट बंद आणि पंप सुरू झाले की मी वाट बघत बसत नाही, माल वर.

रेड अलर्टचं विचाराल तर तो खोटा नसतो, 24 तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर पडू शकतो एवढं तो सांगतो, पण सांगतो अख्ख्या जिल्ह्याचं, माझ्या दुकानाच्या पायरीचं नाही. ते आपलं आपण बघायचं. (आणि ग्रुपवर जुने पुराचे व्हिडिओ टाकणाऱ्यांना एकदा खरंच पाण्यात उभं करायला पाहिजे.)

बाकी तयारी काही फार नाही, मे महिन्यात आपण पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो ना, सुकी मासळी, सोलं, मिरच्या, तेव्हाच हेही उरकून घ्यायचं. इन्व्हर्टर जमिनीवरून उचलायचा, कागदपत्रं प्लास्टिकात, बीपीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या. पाणी पायरीला लागायच्या आधी मेन स्विच बंद, लागल्यावर हात लावायचा नाही. कोणी अडकलं तर 112.

खरी अडचण वेगळीच आहे. गल्लीच्या टोकाला एक आजी एकट्या राहतात, त्यांच्या भिंतीवर जुन्या पुराची खूण आहे, उंबऱ्यापासून वीतभर. 'बाय, याच्या वर येत नाही गो,' म्हणतात आणि हलत नाहीत. पूर येतोय चला म्हटलं की त्या दार लावून घेतात. म्हणून मी आता पुराचं नावच काढत नाही, चतुर्थीच्या वाती वळायच्यात, माझ्याकडे वर या म्हणते. लगेच येतात. कापसाचा डबा त्यांच्या हातात, औषधांची पिशवी मी उचलते.