अस्वलाचा संधिविग्रह

रशियनच्या संध्याकाळच्या वर्गात त्या दिवशी प्राण्यांची नावं चालली होती. ‘सबाका’ कुत्रा, ‘कोश्का’ मांजर, वह्या भरत होत्या. ‘मेद्व्येद’ म्हणजे अस्वल असं फळ्यावर लिहिलं आणि एमबीबीएससाठी रशियाला निघालेला एक पोरगा उसळला, “मॅडम, हे तर मध-वेद! मधाचं ज्ञान असलेला. व्हिडिओत सांगितलंय, रशियन मुळात वैदिकच.”

हा दावा अधूनमधून भेटतोच, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. रशियनमध्ये ‘म्योद’ म्हणजे मध, ‘व्येदत’ म्हणजे जाणणं. दोन्ही आपल्या मधु आणि विद्‌चे सख्खे नातलग. कित्येक रशियन लोकही अस्वलाला ‘मध कुठंय ते जाणणारा’च समजतात. प्रश्न एवढाच, की शब्द तोडायचा कुठे? मी जुनं रूप लिहिलं: मेदु + एद. ‘एद’ खाण्याचा, ‘येदा’ म्हणजे अन्न, हे वर्गाला ठाऊक होतं. मग मधला ‘व’ आला कुठून?

मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून, संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या काकू म्हणाल्या, “अहो, यण् संधी! उ-पुढे दुसरा स्वर आला की उ-चा व. मनु अधिक अंतर, मन्वंतर. तसं मधु अधिक अद्, म्हणजे खाणं; मध्वद, मध खाणारा. ‘द्वा सुपर्णा’च्या सूक्तातच पुढे मध्वद पक्षी येतात की!” ऋग्वेद, पहिलं मंडल, सूक्त 164. व्युत्पत्तिकोशातली ती रुक्ष नोंद मी कितीदा वाचली असेल, पण शाळेतल्या नियमाने इतकी चटकन सुटलेली पाहिली नव्हती.

मग अस्वलाचं मूळ नाव? संस्कृतात ऋक्ष, ग्रीकमध्ये आर्क्तोस, लॅटिनमध्ये उर्सुस, सगळे एकाच घरातले. स्लाव्ह भाषांत मात्र तो शब्द उरलाच नाही. नाव घेतलं की जनावर समोर येतं, या धास्तीने तो टाकला गेला असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. रत्नागिरीच्या मुलीला हे समजावावंच लागलं नाही. “आमच्याकडे रात्री साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात.” पुढे ‘मेद्व्येद’ हेच खरं नाव होऊन बसलं, तेव्हा रशियन शिकारी तेही टाळून ‘खझ्याइन’, म्हणजे मालक, म्हणू लागले.

षष्ठीची रूपं राहूनच गेली. उठता उठता मी सांगितलं, युक्रेनियनमध्ये अक्षरांची अदलाबदल होऊन हाच शब्द ‘वेद्मीद’ झालाय.

“बघा मॅडम,” पोरगा म्हणाला, “वेद पुढे आला!”