तिवई

दुपारी जेवून गॅलरीत आलो तर ट्रायपॉडवर ओला नॅपकिन वाळत घातलेला. तिन्ही पाय फाकवून तो बिचारा उभा, आणि डोक्यावर निळ्या चौकड्यांचा नॅपकिन. मी जरा आवाज चढवला. "मग काय झालं? उभाच तर असतो," आतून बायको म्हणाली. विषय तिथंच मिटला, कारण मार्चपासून तो खरंच नुसता उभा आहे.

पक्ष्यांचे फोटो काढायला लेन्स घ्यायची ठरवली तेव्हा ट्रायपॉड माझ्या गावीही नव्हता. प्रश्न एवढाच होता की कितीची घ्यायची. तीनशे मिलिमीटरची होती, पण तिच्यात बगळा म्हणजे पांढरा ठिपका, आणि तो बगळाच आहे हे आपण तोंडानं सांगायचं. म्हणून सहाशे. सहाशेची फिक्स, म्हणजे झूम न होणारी, मोठ्या तोंडाची लेन्स घ्यायची तर तेवढ्यात गाडी येते, म्हणून १५०-६०० झूम. इथवर डोकं ठीक चालत होतं. मग कळलं की सिग्मा कंपनीनं २०१४ साली या एकाच आकड्याच्या दोन लेन्स जाहीर केल्या, एक साधारण १,९३० ग्रॅमची आणि दुसरी २,८६० ग्रॅमची. जड लेन्स जास्त दणकट, धूळपाण्याला दाद न देणारी. नऊशे ग्रॅमचा तर फरक, त्याला काय होतंय, असं वाटलं.

खात्री करावी म्हणून स्वयंपाकघरातून तूरडाळ घेतली. आधी दोन किलोची पिशवी डोळ्यांसमोर धरून उभा राहिलो. मिनिटभरात दंड भरून आले. मग तीन किलो. त्या पिशवीला मुंग्या आल्यासारखी ती हलायला लागली. मुलगा दारात येऊन थांबला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बाबा, काय दिसतंय डाळीत?"

हलकी घेतली.

तरी सहाशेवर हाताची थरथर लपत नाही. चौकटीत जेमतेम चार अंशांचं आभाळ मावतं. त्यात घार शोधायची म्हणजे आभाळ, आभाळ, विजेची तार, पुन्हा आभाळ. आधी दीडशेवर सापडवायची आणि मग झूम करत जवळ आणायची, तोवर ती दुसऱ्या गावाला. शटरचा वेग सेकंदाच्या एक छेद सहाशेच्या खाली आणायचा नाही हा नियम पाठ आहे, पण संध्याकाळच्या उजेडात नियम पाळला की फोटो काळा. म्हणून मग ट्रायपॉड.

पहिल्या दिवशी मी तो सरळ कॅमेऱ्याच्या बुडाला लावला. पुढं दोन किलोचं तोंड, मागं एवढासा कॅमेरा. सगळं ओझं माउंटवर, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडते त्या कडीवर. एका अनुभवी माणसानं ते पाहिलं आणि आपलंच काही मोडल्यासारखा विव्हळला. लेन्सला गळ्यात कॉलर असते आणि कॉलरला खाली पाय असतो. ट्रायपॉड त्या पायाला लावायचा, कॅमेरा मागं अधांतरी. तेही जमलं, तर बॉलहेड, म्हणजे ट्रायपॉडच्या माथ्यावरचा फिरता गोळा, आडवा आला. पाणकावळ्यावर नेम धरून खिटी गच्च आवळायची, हात सोडायचा, की लेन्स सावकाश मान टाकते. त्या दिवशीचे माझ्याकडे दगडांचे फार सुंदर फोटो आहेत. पुढं त्या गोळ्याच्या जागी बसणारा गिंबल घेतला. त्यात लेन्स पाळण्यासारखी झुलते आणि सोडाल तिथं थांबते. वर स्थिरीकरणाचं बटण बंद करायचं, नाहीतर न हलणाऱ्या गोष्टीला सावरायला जाऊन लेन्स स्वतःच डुलते. घरातही असं एखादं माणूस असतं.

पाटणजवळ आमच्या गावी ओटीवर एक लाकडी तिवई होती, पाण्याच्या हंड्याची. जमीन शेणानं सारवलेली, म्हणजे कुठं फुगलेली, कुठं खचलेली. तिवई कुठंही ठेवा, गप्प बसायची. पुढं मुंबईच्या काकांनी चार पायांचं टेबल आणलं. सगळ्या ओटीभर फिरवलं तरी ते डुगडुगायचं थांबेना. शेवटी सिगारेटच्या पाकिटाची घडी एका पायाखाली गेली आणि पुढची वीस वर्षं तिथंच राहिली. तीन पाय कुठंही टेकतात, चौथा आला की भांडण. चुलीलाही तीनच दगड.

त्याच ओटीच्या खांबाला खांदा लावून आजी संध्याकाळी उभी राहायची. फाट्यावर एसटी थांबली की उतरलेली माणसं तिळाएवढी दिसायची. कपाळावर आडवा हात धरायचा, श्वास रोखायचा आणि सांगायचं, "पाटलांचा थोरला. पिशवी डाव्या हातात हाय, म्हंजी उजवा अजून दुखतोय." माणूस दारात यायला पाऊण तास लागायचा. तोवर चहाचं आधण ठेवलेलं. तोंड दिसत नसताना ओळखतेस कसं, असं विचारलं तर म्हणायची, "तोंड कशाला पायजे? चालतोय न्हवं."

खांब, कपाळावरचा हात, रोखलेला श्वास. ट्रायपॉड आणि हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर उन्हाची आडोशी, यांची बिलं माझ्याकडे आहेत.

हे सगळं घेऊन थंडीत भिगवणला गेलो. उजनीच्या फुगवट्यावर रोहित आले होते. होडीवाल्यानं ट्रायपॉडकडं पाहिलं, मग होडीकडं, मग माझ्याकडं. "दादा, ते स्टँड काठावरच ऱ्हाऊ द्या." बरोबरच होतं. तीन पाय कितीही खंबीर असले तरी खाली जमीन लागते. होडी हलली की तिच्याबरोबर तेही हलणार. त्यानं तांदूळ भरलेली एक पिशवी दिली आणि म्हणाला, "कडेला ठेवा, वर लेन्स." मी चौकटीत आभाळ चाळत असताना त्यानं "ओस्प्रे" म्हणून हात केला. मला खांबावरचा तो मासेखाऊ पक्षी दिसेपर्यंत मासा निम्मा संपला होता. नऊनंतर ऊन तापलं, हवा थरथरायला लागली आणि रोहितांचे पाय शेवयांसारखे वाकडे येऊ लागले. त्याला लेन्सही काही करत नाही.

आता पावसाळा. काचेला बुरशी लागू नये म्हणून लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर पापडाच्या हवाबंद डब्यात असते. पापड कुठं आहेत हा वेगळा विषय आहे.

आज विषय निघालाच होता, म्हणून नॅपकिन काढला, डबा उघडला, लेन्स चढवली आणि ट्रायपॉड आत ओढून दाराकडे तोंड करून ठेवला. तेवढ्यात समोर गॅलरीच्या कठड्यावर दयाळ येऊन बसला. नर, काळा-पांढरा, शेपूट वर. चौकटीत नुसता धुरकट काळा-पांढरा डाग. या लेन्सला नऊ फुटांच्या आतलं दिसत नाही. मी ट्रायपॉड उचलून हळूच मागं सरकलो. सोफा बाजूला ढकलला, आणखी मागं. पाठीला भिंत लागली. दयाळानं एक लांब शीळ घातली, माझ्याकडं मान वाकडी करून पाहिलं आणि गेला.

"आला का फोटो?" आतून विचारणा झाली.

"नाही. फार जवळ होता."