पाण्याचं रजिस्टर बघायला पाच महिने लागले

आमच्याकडं तीन दिवसांनी एकदा नळाला पाणी येतं. गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर जे आलं ते तांब्याच्या घागरीत रात्रभर ठेवलं की सकाळी तळाला लाल गाळ. त्यातच जाऊबाईंच्या मुलाला कावीळ झाली आणि डॉक्टरांनी पहिलं विचारलं, पाणी कुठलं पिता? तेव्हाच ठरवलं, आपलं पाणी तपासतात का, तपासलं तर काय निघतं, हे कागदावर बघायचंच.

आधी मोबाईलवर शोधलं. जल जीवन मिशनच्या पोर्टलवर माझ्या माहेरच्या खेड्याचे नमुने दिसले, आमचं गाव कुठंच नाही. ती योजना ग्रामीण भागासाठी, आमच्याकडं पुरसभा, म्हणजे कर्नाटकातली छोट्या शहराची नगरपालिका, त्यामुळं तुमचं गाव शहरी हद्दीत असेल तर तिथं वेळ घालवू नका. मग माहिती अधिकार. कायद्यात अर्जाची भाषा इंग्रजी, हिंदी नाहीतर त्या भागाची राजभाषा, म्हणून शेजारच्या टीचरांकडून कन्नडात लिहून घेतला, १० रुपये भरले, पावती घेतली.

सत्ताविसाव्या दिवशी अर्ज पोस्टानं परत. कारण एका ओळीचं, अर्ज १५० शब्दांपेक्षा मोठा आणि एकापेक्षा जास्त विषय. हो, मी अकरा प्रश्न विचारले होते, क्लोरीन, टाकी कधी धुतली, पाइप कुठं फुटलाय, सगळं एकातच. पण हे पहिल्या दिवशी काउंटरवर सांगता आलं नसतं का? सत्तावीस दिवस कागद टेबलावर ठेवायचा आणि मुदत संपायला तीन दिवस राहिले की परत पाठवायचा!

अर्ज घेऊन गेले तर क्लार्कनं माझ्यासमोर पेनाच्या टोकानं एकेक शब्द मोजला, दीडशेव्या शब्दाखाली रेघ मारली आणि म्हणाला, "इथपर्यंतच चालतं अक्का." मी म्हटलं, मग इथपर्यंतचं तरी उत्तर द्या की. तर साहेब मीटिंगला गेलेत, नाळे बर्री, म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी गेले, नाळे बर्री. असे चार हेलपाटे झाले, प्रत्येक वेळी दुपारचा स्वयंपाक आवरून उन्हातनं जायचं. कोल्हापूरचा भाचा म्हणाला, मामी, महाराष्ट्रातपण दीडशे शब्दांची अट आहे, पण नियम पूर्ण वाच. मग त्याच्याकडून कर्नाटकाच्या माहिती अधिकार नियमांतला नियम १४ वाचून घेतला. त्यात आहे की अर्ज 'सर्वसाधारणपणे' १५० शब्दांचा असावा, आणि विषय जास्त असले तर अधिकारी पहिल्या विषयापुरतं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतो. अख्खा अर्ज परत करा असं त्यात कुठंही नाही, आणि माझा पहिला प्रश्न क्लोरीनचाच होता! तसं लिहून दिलं तर घेतलंच नाही, नवीन अर्ज द्या म्हणाले. म्हणजे तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून. मला अजून राग येतो तो याचाच, कारण ते दिवस ऐन पावसाचे होते, पाणी खराब असतं तेव्हाच आम्हाला ती माहिती हवी होती.

एक सांगायचं राहिलं, "पाणी पिण्यास योग्य आहे का" असं कधीच विचारू नका, "योग्य आहे" एवढंच उत्तर येतं. रजिस्टरचं नाव घालून मागा आणि प्रत्यक्ष बघायला मागा, कायद्याच्या कलम २(जे) मध्ये नोंदी पाहण्याचाही हक्क आहे. माझा दुसरा अर्ज चाळीसेक शब्दांचा होता, शिल्लक क्लोरीनचं (नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात उरलेल्या क्लोरीनचं) रजिस्टर, जून ते ऑगस्ट, पाहणी आणि प्रती. आणि शिक्का, इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, मुदत त्यावरच मोजतात.

तीस दिवसांत उत्तर नाही, मग पहिलं अपील. ते उत्तर आल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून तीस दिवसांत करायचं असतं. सुनावणीत वरचे अधिकारी म्हणाले, दाखवा, आणि दहा मिनिटांत विषय संपला.

नोव्हेंबरात रजिस्टर हातात आलं. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन राहायला पाहिजे. पाण्यात ऑर्थोटोलिडिन नावाच्या रसायनाचे थेंब टाकून पिवळा रंग किती येतो ते बघून आकडा लिहितात. रजिस्टरात जूनचं अख्खं पान ०.२, ०.२, ०.२, एकाच पेनानं, एकाच तिरक्या अक्षरात. पाणी आलं की मी कालनिर्णयवर टिक करते, ते कॅलेंडर पिशवीत घालून नेलं होतं. ताडून बघितलं, आमच्या गल्लीच्या नावापुढं नऊ दिवस असे निघाले की त्या दिवशी नळ आलाच नव्हता, तरी आकडा ०.२. मी बोट ठेवून विचारलं, नळ कोरडा होता तर हे मोजलं कशात? क्लार्क काही बोलला नाही.

चौदा पानांच्या प्रती, पानाला २ रुपये, २८ रुपये भरून आणल्या. आता प्रयोगशाळेचे अहवाल मागायचेत, १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतले जंतू) अजिबात सापडता कामा नयेत, ते आमच्या पाण्यात तपासलं का आणि कधी. टीचरांनी अर्ज लिहून दिलाय, शब्द मोजलेत, त्रेपन्न. सोमवारी देणार.